तुम्ही विचारलंत म्हणून: जळगावच्या उन्हात लोकर कशाला?

प्रश्न ठरलेला असतो. "वहिनी, बाहेर ४५ अंश तापमान, आणि तुमच्या हातात लोकर? घालणार कोण हे?" आणि त्याच्या पाठोपाठ, "त्या लोकरीच्या मेळाव्यासाठी म्हणे पुण्याला जाता मैत्रिणींबरोबर. घर टाकून. इथं फुले मार्केटात मिळत नाही का लोकर?" लग्नात, भिशीत, बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, सगळीकडे हाच प्रश्न. आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदा काय ते सांगूनच टाकते.

आधी उन्हाचं. खानदेशात थंडी नसतेच असं धरून बोलतात त्यांनी जानेवारीत एकदा रावेर-यावलच्या बाजूला रात्री चक्कर मारावी. पारा १० अंशांच्या खाली उतरला की केळीवाल्यांचा जीव टांगणीला लागतो. बांधाबांधावर ओला-सुका कचरा पेटवून बागेत धूर करतात, कारण थंडीनं पोंगा, म्हणजे न उलगडलेलं कोवळं पान, करपतो, घडाची वाढ थांबते. त्या धुरात रात्रभर उभं राहणाऱ्या माणसाला विचारा, कानटोपी लागते की नाही ते.

पण खरं सांगायचं तर ही थंडी दीड-दोन महिन्यांची, आणि तेवढ्यासाठी मी वर्षभर विणत नाही. उन्हाळ्यात मी सुती धागाही विणते. कापसाच्या मुलखात राहून सुताला नाक मुरडण्याचं कारणच नाही. ज्या गावात खानदेश मिलचा भोंगा ऐकून लोकांनी घड्याळं लावली, ज्या जिल्ह्यात १९३६ साली फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनात गांधीजींनी खादीचं प्रदर्शन उघडलं, तिथं बाईच्या हातात धागा दिसला की लोकांना नवल वाटतं, याचं मला नवल वाटतं. एवढंच, की सुताला ताण नसतो. सुती विणकाम ओढलं तर ओढलेलंच राहतं. लोकर ओढून सोडली की जागेवर येते. टाका घट्ट पडला, सैल पडला, धुतल्यावर लोकर ते सांभाळून घेते. हे बोटांना एकदा कळलं की दुसरं काही आवडेनासं होतं. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

दुकानात मिळते ती लोकर बहुतेक वेळा लोकर नसतेच, ॲक्रिलिक असतं, म्हणजे कृत्रिम धागा. वीतभर धागा काडीला लावून बघा. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. खरी लोकर पेटायला कुरकुरते, केस जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. मी ॲक्रिलिकला नावं ठेवत नाही. बारशाला टोपडं-मोजे द्यायचे तर तेच बरं, खरी लोकर आई बिचारी रोज धुणार कशी? पण सगळा जन्म त्यावरच काढायचा हे मला मान्य नाही.

आता मैत्रिणींचं. आम्ही पाच-सहा जणी आहोत. आक्का सगळ्यांत मोठी, भुसावळला रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त. एक अमळनेरची शिक्षिका, एक फैजपूरच्या केळीवाल्यांची सून, एक कॉलेजातली पोरगी. ती फक्त क्रोशे करते आणि दोन सुयांच्या वाटेला जात नाही. महाराष्ट्र एक्सप्रेसनं रात्रीचा प्रवास. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि गाडी सुटायच्या आत प्रत्येकीच्या मांडीवर विणकाम. घरी मी विणायला बसले की मी रिकामी आहे असं धरलं जातं. "बसलीच आहेस तर जरा दार बघ, बसलीच आहेस तर चहा टाक." माझ्या घरचे वाईट नाहीत. पण ओळ मध्येच सोडून उठलं की मोजलेलं विसरतं, हे त्यांना आजवर समजावता आलेलं नाही. गाडीत कुणी उठवत नाही.

आणि मेळाव्यात कुणी "कशाला" म्हणून विचारत नाही. हे माझं खरं उत्तर, किंवा निदान परवापरवापर्यंत होतं. तिथं अनोळखी बाई जवळ येते, न विचारता माझ्या स्वेटरची कड उलटून आतली बाजू बघते आणि म्हणते, "चार नंबरची सुई का हो? गळा मागून वाढवलाय ना?" आयुष्यभर लोकांनी मला "कोणासाठी?" एवढंच विचारलं. "कसं केलंत?" हे विचारणारी माणसं तिथं हॉलभर असतात. हिमाचलच्या गद्दी मेंढ्यांची लोकर, लडाखची पश्मिना, आसामचं एरी रेशीम, सगळं हात लावून बघता येतं. एका टेबलावर केळीच्या खोडाचा धागा होता. आमची फैजपूरची तिथून हलेचना. घड उतरवला की खोडं वाहून बांधावर टाकायला त्यांच्याकडे मजूर लावावे लागतात, आणि इथं त्याच खोडाच्या सालपटातून काढलेला चमकदार धागा लडीनं विकायला ठेवलेला. तिनं त्या माणसाला इतकं विचारून घेतलं की शेवटी त्यानं तिला खुर्ची दिली.

आता ते सांगते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

त्याच मेळाव्यात एका संस्थेनं मेंढपाळ जोडपं बोलावलं होतं. नवरा हातकातरीनं मेंढी कशी कातरतात ते दाखवणार, बायको सूत कातून दाखवणार. हॉलबाहेर मांडवात ती सतरंजीवर बसली होती, शेजारी काळ्या-करड्या लोकरीचा ढीग. लोक फोटो काढत होते. मी घोळक्यातून पुढं झाले आणि कानावर शब्द आला तो अहिराणी. ती नवऱ्याला काहीतरी सांगत होती. माझं माहेर साक्री तालुक्यातलं. मी खाली बसले आणि आमच्या भाषेत बोलले. तिनं सूत कातायची चाती थांबवली. "कोणता गावनी शे माय तू?" मी गाव सांगितलं. ती ठेलारी, मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या मेंढपाळांतली. दरवर्षी दिवाळीनंतर घोड्यावर बिऱ्हाड लादून त्यांचा वाडा, म्हणजे माणसं-मेंढ्यांचा फिरता तळ, ज्या वाटेनं उतरतो, ती वाट आमच्या मळ्यावरूनच जाते. माझे वडील शेतात मेंढ्या बसवायचे, खताला. त्यांच्या वाड्यावरची पोरं आमच्या विहिरीवर पाणी भरायला यायची, आणि आज ती आणि मी पुण्यात एका सतरंजीवर बसलो होतो. मला फार आनंद झाला. तिलाही झाला असावा, कारण तिनं मला सरकून जागा दिली.

माझ्या पिशवीतून लड डोकावत होती. ऑस्ट्रेलियाच्या मेरिनो मेंढीची लोकर, हातानं रंगवलेली, निळ्यातून हिरव्यात जाणारी. तिनं ती ओढून घेतली, गालाला लावली, दोन बोटांत धागा पिळून बघितला. मग विचारलं, "हाई कितलाले लिधी?"

मी खरी किंमत सांगितली. शंभर ग्रॅम, दीड हजार.

तिनं नवऱ्याला हाक मारली. तो कातर हातात घेऊनच आला. तिनं त्याला किंमत सांगितली, त्यानं मला परत विचारलं, मी परत सांगितली. तो गप्प उभा राहिला. मी मात्र मनात हिशेब करत होते, थांबवता येईना. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर वर्षाकाठी जेमतेम अर्धा-पाऊण किलो. दोनदा कातरायची. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या भावापेक्षा जास्त पडते, म्हणून कातरतात ती मेंढी हलकी व्हावी एवढ्याचसाठी, आणि लोकर तिथंच टाकून पुढं जातात. हे मला माहीत होतं. मळ्याच्या कडेला पडलेले ते काळे पुंजके मी लहानपणी पायानं उडवलेत.

ती म्हणाली, "आमनी तं कोणी फुकट बी लेत नही. मंग हाई कसाले?"

आवाजात राग नव्हता. टोमणा नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. एवढी वर्षं हाच प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला मी काही ना काही उत्तर देत आले, आणि तिला देता येईना. मध्ये आक्का पडली. तिनं समजावलं की ही बारीक असते, अंगाला टोचत नाही. ते बरोबरच आहे. तीस मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड केसाचं टोक कातडीला टोचतं. मेरिनो चोवीसच्या आत असते, दख्खनी तिसाच्या वर, शिवाय तिच्यात रंगही न घेणारे मेलेले केस. तिनं सगळं ऐकून घेतलं, लड परत दिली, आणि नवऱ्याला विचारलं की ही पावसात काय कामाची. तो म्हणाला, कायच नाही. मग शाळेची पोरं आली, आणि ती पुन्हा कातायला लागली.

परतीच्या गाडीत आक्काशी माझं वाजलं. ती म्हणते, तू उगाच मनाला लावून घेतेस. घोंगडीची लोकर वेगळी, स्वेटरची वेगळी. चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पाऊस अडवते, ती कोणी गळ्याला गुंडाळत नाही. दोन्हींची तुलनाच चुकीची. तिचं म्हणणं खोडून काढता येत नाही. तरी मला ते पटत नाही.

पूर्वी मी ठामपणे म्हणायचे, छंदाला हिशेब नसतो. पुरुषांच्या गाड्यांना, लग्नातल्या डीजेला, मॅचच्या मोठ्या टीव्हीला कोणी हिशेब विचारत नाही, बाईच्या धाग्यालाच का विचारतात? हे मी आजही म्हणते आणि आवाज चढवून म्हणते. पण तेव्हा मी ते घरच्यांना म्हणत होते, शेजाऱ्यांना म्हणत होते. त्या बाईपुढं ते वाक्य तोंडातून निघालंच नाही. माझा पैसा, मी कुठंही खर्च करीन, हे खरं. तो पैसा तिच्या मेंढ्यांच्या अंगावरून उडी मारून समुद्रापार जातो, हेही खरं. या दोन्हींचा मेळ मला घालता येत नाही, आणि कुणी घालून दाखवला तर मी त्याच्याकडे संशयानंच बघेन.

त्या मेळाव्यानंतरच्या हिवाळ्यात मी मामेभावाकडून एका वाड्यावरची पोतंभर लोकर मागवली. पैसे दिले, त्यांनी आधी घेतले नाहीत, मग घेतले. धुतली तेव्हा बादलीत चार पाण्यांपर्यंत माती आणि लेंड्या. गादीवाल्या पिंजाऱ्याकडे नेली तर तो म्हणाला, मशीनला लावणार नाही, नंतर कापसात केस येतील. मग कुत्र्याचे केस विंचरायचे तारेचे ब्रश आणून हातानंच पिंजली. सूत जाड निघालं, गाठीगाठीचं. सहा मिलिमीटरच्या सुयांवर सुलट-उलट घालून ह्यांच्यासाठी जाकीट केलं. रंग मात्र असा उतरला की बघत राहावं: काळा, करडा, मध्येच गंजासारखा तपकिरी, एकही रंग न देता. ह्यांनी ते शर्टावर दोन सकाळी घातलं, तिसऱ्या सकाळी हळूच खुंटीला लावलं. मानेला टोचतं म्हणाले. टोचतंच.

उरलेल्या सुताची जाड बसकरं विणली आणि गरम पाण्यात साबण लावून चोळचोळ चोळली. लोकर आटते, टाके दिसेनासे होतात, घट्ट नमद्यासारखं कापड तयार होतं. ते छान झालं. अमळनेरच्या बाईनं शाळेतल्या पोरींना ते करायला शिकवलं, त्यांना फार आवडलं. पण बसकरं विणून एका वाड्याची लोकर संपत नाही, हे मला कळतं. आणि मेरिनो घ्यायची मी थांबलेली नाही, हेही लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी पिशवी उघडून दाखवायला नको.

तर, पुण्याला मी का जाते? बोटांसाठी जाते, मैत्रिणींसाठी जाते, मला कोणी मध्येच उठवू नये म्हणून जाते. त्या प्रसंगानंतर आणखी एक कारण झालं. तिथं मला तो प्रश्न विचारणारं माणूस भेटलं, ज्याला तो विचारायचा हक्क होता. तुम्हाला तो नाही असं मी म्हणत नाही. पण तुम्ही विचारता तेव्हा पुढचं काही ऐकायला थांबत नाही, आणि ती थांबली होती.

यंदा दोन पोती सोबत न्यायची ठरली आहेत, धुतलेली, रंगावारी वेगळी केलेली. एका ओळखीच्या स्टॉलवर कोपरा मिळतोय. भाव काय लावायचा यावर मात्र एकमत नाही. आक्का म्हणते, स्वस्त ठेवा, नाहीतर टोचरी लोकर घेईल कोण. मी म्हणते, स्वस्त ठेवली तर फुकट नेण्यात आणि यात फरक तो काय. फैजपूरची म्हणते, आपण कोण ठरवणार, ज्यांची मेंढी त्यांना विचारा. तिचं मला पटलंय. मामेभाऊ वाड्यावर जाऊन बोलतो म्हणालाय, पण दिवाळीनंतर ते कुठल्या बाजूला उतरतात आणि आमच्या तारखेआधी गाठ पडते का, यावर सगळं आहे.