पाइप बनवायचा तर आधी भोकं, मग आकार

तंबाखूचा लाकडी पाइप कुणी हातात घेतला की आधी त्याचा बाक बघतो, मग पॉलिश, फार तर लाकडाच्या रेषा. मी आधी पाइप क्लीनर घालून बघतो. स्टेमच्या, म्हणजे तोंडात धरायच्या नळीच्या, टोकातून घातलेली ती लोकर गुंडाळलेली तार कुठेही न अडखळता थेट बाउलच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीच्या, तळाशी निघाली पाहिजे, तरच तो पाइप नीट बनवलाय असं मी म्हणेन. मी स्वतः ओढत नाही, तंबाखू वाईटच आणि तिची भलामण मला करायची नाहीये, पण ही वस्तू बनवायला मला मनापासून आवडते आणि सुट्टीचा अख्खा दिवस त्यात कधी जातो कळत नाही.

लाकूड म्हणजे ब्रायर. भूमध्य समुद्राच्या काठावर, इटली, ग्रीस, अल्जीरिया वगैरे भागात एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप उगवतं, त्याच्या मुळाच्या आणि खोडाच्या मध्ये जी गाठ धरते ती हे लाकूड. ही गाठ मोठी व्हायला कित्येक दशकं लागतात. मग ती कापून तासनतास उकळतात, म्हणजे आतला चीक आणि टॅनिन निघून जातं, आणि पुढे महिनोन्‌महिने सावकाश वाळवतात. एवढं सगळं झाल्यावर जो ठोकळा मिळतो तो घट्ट, हलका आणि आगीला दाद न देणारा. आपल्याकडे शिसवीचे स्वस्त पाइप मिळतात, दिसायला छानही असतात, पण शिसवी तेलकट असते आणि तिची धूळ कित्येकांना बाधते, म्हणून मी त्या वाटेला जात नाही. ब्रायर बाहेरून मागवावं लागतं, महाग पडतं, पण इलाज नाही.

फ्रान्समधल्या ज्युरा डोंगरातलं सेंट-क्लोद हे गाव या धंद्याचं माहेरघर. तिथले कारागीर आधीपासूनच लाकूड कातून जपमाळा आणि बारीकसारीक वस्तू करायचे आणि 1850 च्या दशकात तिथे ब्रायर आलं. आपल्या सावंतवाडीत खेळणी कातणारे कारागीर आहेत ना, त्यांचं काम बघितलेल्या माणसाला हे लगेच समजेल, हातात कातकाम आधीपासून होतं म्हणूनच नवीन लाकूड आल्यावर पाइपचा धंदा तिथे उभा राहिला.

आता मुख्य गोष्ट. ठोकळा आला की मी तो स्पिरिटच्या फडक्याने पुसतो, क्षणभर ओला असेपर्यंत सगळ्या रेषा उठून दिसतात, एका बाजूला उभ्या सरळ आणि त्याच्या काटकोनात बारीक बारीक ठिपके, त्याला बर्ड्स आय म्हणतात. रेषा कुठे चालल्यात ते बघून बाउल कुठे बसवायचा ते ठरतं. कोपनहेगनचे पाइप कारागीर सिक्स्टन इव्हार्सन यांनी हाच विचार पुढे नेला, ठरलेला साचा लाकडावर लादायचा नाही, रेषा नेतील तसा आकार घ्यायचा, आणि डॅनिश पाइप आजही त्यामुळे ओळखू येतात. पण मी त्या रेषांवर पेन्सिलने आधी दोन भोकं काढतो. एक बाउलचं, साधारण 19-20 मिलिमीटर रुंद, दुसरं हवेचं, 4 मिलिमीटरच्या आसपास. हवेचं भोक बाउलच्या अगदी तळाला, बरोबर मध्यावर निघालं पाहिजे. वर निघालं तर खालची तंबाखू ओली राहते आणि जळतच नाही. शिवाय ड्रिल सरळच जातं, ते काही वळत नाही, त्यामुळे वाकडा पाइप करायचा असला तरी त्याचा बाक या सरळ रेषेच्या बाहेर बाहेरूनच बसवावा लागतो, आणि भिंत तर कुठेही पातळ होता कामा नये. नुसतं सुंदर चित्र काढून मग त्यात भोकं कुठे बसतील ते शोधणं मला पटत नाही.

स्टेमला मी एबोनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर, वापरतो, फाउंटन पेन बनवणाऱ्यांमुळे त्याचे रॉड आपल्याकडे मिळतात. (उन्हात ठेवू नका, हिरवट-तपकिरी पडतं.) सगळ्यात जास्त वेळ याच्यातच जातो. दातात धरायची जागा कानशीने घासत घासत 4 मिलिमीटरच्या आसपास आणायची, तीही आतलं भोक न फोडता, आणि टोकाला तेच भोक आडवं पसरट करत न्यायचं म्हणजे धूर जिभेवर एकाच जागी आदळत नाही. स्टेमची खुंटी शँकच्या (बाउलला लागून असलेल्या लाकडी मानेच्या) खाचेत तळापर्यंत टेकली पाहिजे, मध्ये फट राहिली तर तिथे पाणी साचतं आणि ओढताना पाइप गुरगुरतो.

पॉलिशला फर्निचरवाले हमखास सांगतात मेलामाइन मारा, पीयू मारा. अजिबात नको. बाउल तापतो, वरचा थर फुगतो आणि सोलून निघतो. 220 पासून 600 पर्यंत पॉलिश पेपर, मग स्पिरिटमध्ये कालवलेला काळा रंग, तो पुसून-घासून काढला की फक्त रेषांमध्ये उरतो, त्यावर तांबूस हात आणि शेवटी बफिंग व्हीलवर कार्नोबा मेण. बाउलच्या आत मात्र यातलं काहीही लावायचं नाही, तिथे कोरं लाकूडच राहू द्यायचं.