वाट सोपी, घरं बंद

धडगाव तालुक्यात नर्मदाकाठच्या पाड्यांवर मी आरोग्यसेविका आहे. इथे लसीकरणाचा दिवस आम्ही ठरवतो, पण चालतं नदीचं. पावसाळ्यानंतर सरदार सरोवर 138.68 मीटरपर्यंत भरलं की बोट थेट पाड्याखाली लागते. मे महिन्यात तेच पाणी इतकं उतरतं की गाळ तुडवत वर चढावं लागतं. पण तेव्हा माणसं घरी असतात, अंगणात आमचूरच्या फोडी वाळत असतात. दिवाळीनंतर वाट सोपी, आणि निम्मे लोक गुजरातेत ऊसतोडीला.

त्या दिवशी तसंच होतं. सातपुडा अजून हिरवा, उतारावरची ज्वारी कापणीला आलेली, कापायला म्हातारी माणसं.

लसीचा डबा लोकांना नुसता डबा वाटतो. त्यातले चार आइस पॅक फ्रीझरमधून काढून लगेच भरायचे नसतात. बाहेर ठेवून घाम येऊ द्यायचा, कानाशी हलवायचे, आत पाणी डुचमळलं की मगच भरायचे. नाहीतर पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, गोठते. बाटलीवरचा रंग बदलणारा चौकोन फक्त उष्णतेची चुगली करतो, गोठल्याचं त्याला कळत नाही. बोटवाला कितीही हाका मारो, यात मी घाई करत नाही.

यादीत नावं भरपूर, गोवर-रुबेलासाठी बाळ आलं एक. बाटली पाच डोसांची, द्रावक मिसळलं की चार तासांत वापरायची, नाहीतर टाकायची. एका बाळासाठीही उघडा, असा नियम आहे. बैठकीत मात्र ‘वाया किती गेली?’ एवढंच विचारतात. विचारणाऱ्यांनी हा चढ चढून बघावा. मी उघडली.

उरलेल्या वेळात आशाताई आणि मी घरं धुंडाळली. इथे घराला घर लागून नसतं, ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या शेतात, टेकडीवर. आणखी एक बाळ मिळालं. पुढच्या घरी आजी आणि शेळ्या. सून, मुलगा, नात तोडीला. नातीचं कार्ड मात्र प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कुडात खोचलेलं, गोवराचा रकाना कोरा.

“कार्ड सोबत का नाही दिलं, आजी?”

आशाताईंनी पावरी बोलीत विचारलं, उत्तर मराठीत सांगितलं : “तिकडे पाचटात हरवलं असतं. तुम्हीच म्हणता ना, जपून ठेवा.”

यावर काय बोलणार? तिकडच्या सिस्टरला ही पोर कुठल्या डोसावर आहे हे कळणार कसं? कार्डाचा फोटो काढला. रेंज मिळाल्यावर ऊसतोड टोळीच्या मुकादमाला पाठवला. त्याने तो पाहिलाय, उत्तर नाही. होळीला सगळे परततील, तोवर पोर सव्वा वर्षाची होईल. मी फोन लावतेच आहे.