खालचा कट

‘खोबरं महागलं की कटात पीठ येतं, हे ज्याला बघायचं असेल त्यानं या गाडीवर जावं.’

हे वाक्य माझं, मिसळीच्या कटाबद्दल, म्हणजे तिच्यावर ओतायच्या लाल रश्श्याबद्दल. जुलै २०२५ मधल्या एका रविवारी पुरवणीत छापून आलं, आणि लिहिताना मला ते फार झकास वाटलं होतं. गाडीचं नाव दिलं नव्हतं, पण कोल्हापुरात ‘रंकाळ्याच्या अलीकडे, वडाखाली’ एवढं लिहिलं की नाव दिल्यासारखंच. सोमवारी नऊच्या सुमारास ऑफिसात फोन आला.

“पेपरात खाण्याचं लिवता त्ये तुमीच काय?”

“हो.”

“मग उद्या पाटं चारला या. पीठ कुटं हाय त्ये दावतो.”

आवाज बाईंचा होता. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात, तेव्हा ‘दावतो’वर कुणी अडखळू नये. मी अडखळलो ते चारवर. मिसळीवर लिहिणाऱ्याला या गावात शिव्या पगारातच धरलेल्या असतात. प्रत्येकाची एक मिसळ ठरलेली असते आणि तिला कमी लेखणारा माणूस घरच्या बाईला बोलल्यासारखा धरला जातो. पण पहाटे चारला बोलावणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं.

माझी पद्धत सांगतो, म्हणजे मी काय पुरावा घेऊन ते वाक्य लिहिलं हे कळेल. न सांगता जायचं, स्वतःचे पैसे द्यायचे, खाऊन झाल्यावरच वही काढायची. मिसळ असेल तर कट आधी वाटीत वेगळा मागून घ्यायचा. पुण्यात ज्याला सँपल म्हणतात आणि नागपुरात तर्री, तो आमचा कट. शेव-फरसाणावर ओतला की बेसन सुटतं आणि मग रस्सा मुळात कसा होता हे देवालाही सांगता येत नाही, म्हणून ही वाटी. त्या दिवशी मी साडेअकराला पोचलो होतो, कारण आधी दुसरीकडे भजी खाऊन आलो होतो. वाटीतला कट जाड, फिका, जिभेवर पिठूळ. खोबरं वर्षभरात दुपटीवर गेलेलं. दोन आणि दोन चार केले आणि वाक्य लिहून टाकलं. या कामाला पेपर जे पैसे देतो त्यात एका गाडीवर दुसऱ्यांदा जाणं बसत नाही, हेही खरं. पण ते कारण मी स्वतःलाच देतो, लोकांना नाही.

तर मंगळवारी पहाटे, धो धो पावसात, मी त्यांच्या दारात. पुढं पत्र्याची पडवी, तिथंच दोन शेगड्या आणि एकोणीस किलोची निळी टाकी. भिंतीवर एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नोंदणीचा कागद प्लास्टिकमध्ये घालून लावलेला. तेव्हा वर्षाला बारा लाखांच्या आत उलाढाल असेल तर शंभर रुपयांत हा कागद मिळायचा, आणि निम्म्या गाड्यांवर मी तो मागितला की “घरी हाय” असं उत्तर येतं. इथं तो खरंच घरी होता. मी तेवढ्यात नोंद केली. सवय.

मावशी साठीच्या आसपासच्या. “चा घेणार?” एवढंच विचारलं आणि कामाला लागल्या. सोबत त्यांचा पुतण्या, बारावी सायन्सचा, डोळ्यांत झोप.

मटकी आदल्या सकाळी भिजवून रात्री फडक्यात बांधलेली. पावसाळ्यात मोड यायला वेळ लागतो, म्हणून गाठोडं शेगडीजवळ ठेवलेलं होतं. ती त्यांनी भरपूर पाण्यात उकडायला टाकली. मग खोबरं. वाट्या किसून ठेवलेला कीस पुतण्यानं तराजूवर माझ्यासमोर मोजला: दीड किलो. लोखंडी कढईत, बारीक आचेवर, हात एकदाही न थांबवता त्यांनी तो भाजला. रंग तांब्यासारखा झाल्यावर कढई उतरवली आणि कीस लगेच परातीत ओतला. कढईतच राहिला असता तर तिच्या उष्णतेनं पुढं करपला असता आणि कट कडवट झाला असता. उभा चिरलेला कांदा तेलावर तपकिरी होईपर्यंत, त्यात लसूण, आलं, तीळ, कोथिंबिरीच्या काड्या. सगळं मिक्सरला, थोडं थोडं, मिक्सर तापला की थांबून.

फोडणी मात्र मी वाकून बघितली. तेल तापलं, धूर यायच्या आधीच गॅस बंद केला, आणि मावशी गप्प उभ्या. मी म्हटलं, काय झालं? “तेल निवू द्या जरा.” मग त्या जराशा निवलेल्या तेलात चटणी सोडली. कांदा-लसूण चटणी, उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली, रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी. कडकडीत तेलात ती काळी पडते. अशी सोडली की तेल लाल होतं आणि लालच राहतं. मग वाटण, वाटणाला तेल सुटेपर्यंत परतणं, आणि शेवटी उकडलेल्या मटकीचं पाणी. साधं पाणी नाही. पातेलं उकळायला लागलं तेव्हा साडेपाच झाले होते.

“घातलं काय कुटं पीठ?”

नव्हतं घातलं. पण मी अकरा वर्षं हेच काम करतोय. माझ्यासमोर घातलं नाही म्हणून रोज घालत नाहीत असं थोडंच आहे? मी काही बोललो नाही. माझं तोंड बघून त्या पुतण्याला म्हणाल्या, “काढ रं तुजी बाटली.”

बाटली आयोडीनची. पोरगं तयारीत होतं. पांढरी बशी घेतली, तिच्यात दोन चमचे उकळता कट, तेल बाजूला सारून, आणि वर आयोडीनचे थेंब. पिठात स्टार्च असतो, स्टार्च असला की निळा-काळा रंग येतो, हे शाळेत सगळ्यांनी केलेलं. आम्ही तिघं बशीवर वाकलो. काही झालं नाही. तांबूस ते तांबूसच.

“बगा,” मावशी म्हणाल्या आणि पदरानं कपाळ पुसत आत गेल्या. रविवारपासून गाडीवरची नेहमीची गिऱ्हाइकं “मावशी, आज पीठ किती?” असं विचारत होती, हे त्यांनी आतूनच सांगितलं. थट्टेनंच विचारत होती. बेसन लावणं काही गुन्हा नाही, चांगली चांगली माणसं लावतात. पण यांच्या सासूनं कधी लावलं नव्हतं, आणि ही गाडी सासूची होती.

मी वहीत ‘रंग नाही’ लिहिलं आणि बशीकडे पुन्हा बघितलं. कडेनं, जिथं कट पातळ पसरला होता तिथं, शाई सांडावी तसा रंग चढत होता. बघता बघता अर्धी बशी काळीनिळी.

पत्र्यावर पावसाचा आवाज तेवढा. पुतण्यानं बशी उचलली, परत ठेवली. मावशी बाहेर आल्या, त्यांनी बशी बघितली. “ह्येचा अर्थ काय रं?” पोरगं मान वर करेना. मग त्या माझ्याकडे वळल्या. खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं. पहाटे चारपासून पोटात जे खड्डा पाडून बसलं होतं ते एकदम हलकं झालं. माझं वाक्य शाबूत होतं.

मग पोरानं, स्वतःवरच चिडल्यासारखं, दुसरी बशी ओढली आणि तिच्यात राहिलेलं मटकीचं पाणी घेतलं. निव्वळ पाणी. या वेळी फुंकर घालून थंड केलं आणि मग थेंब टाकला. टाकल्याबरोबर काळं.

“कडधान्यात स्टार्च असतंय की हो सर,” तो म्हणाला. “आणि गरम असताना रंग उठत नाही. पुस्तकात आहे. मी विसरलो.”

म्हणजे पहिला निकाल खोटा आणि दुसराही कुचकामी. ज्या कटात मटकीचं पाणी आहे तो आयोडीनला काळा पडणारच. बेसन असो वा नसो. मावशींना हे नीट समजलं की नाही कोण जाणे. त्यांनी दोन्ही बश्या मोरीत नेऊन घासल्या, दोनदा.

सात वाजता गाडी लागली. मी जायला मोकळा होतो, पण गेलो नाही. प्रश्न अजून तिथंच होता: पहाटे पीठ नव्हतं, तर रविवारच्या आधीच्या त्या वाटीत काय लागलं? सातची पहिली वाटी मी घेतली. वर बोटभर लाल तवंग, खाली सुटसुटीत रस्सा, घशाला लागणारा लसूण. ही मिसळ मी खाल्लीच नव्हती. मी लिहिलं ते दुसऱ्याच कुठल्यातरी पदार्थाबद्दल.

आडोशाला उभा राहून बघत बसलो. मावशींच्या हातात ओगराळं. ते त्या पातेल्यात खोल घालतच नाहीत. वरच्या वर आडवं फिरवतात, तवंग आणि थोडा रस्सा, की प्लेटवर. मटकी, बटाट्याची भाजी, शेव-चिवडा, कट, कांदा, लिंबाची फोड, दोन स्लाइस ब्रेड, साठ रुपये. गिऱ्हाइकाला लाल दिसलं पाहिजे. नऊला मी दुसरी वाटी घेतली, तवंग निम्मा. साडेदहाला तिसरी, तवंग नावाला. आणि या सगळ्या वेळात पातेलं कुणी ढवळलं नाही.

“ढवळत का नाही?”

“ढवळलं की तवंग मोडतोय. सकाळच्यास्नी काय देऊ मग?”

साडेअकराला ओगराळं पहिल्यांदा तळाला घासल्याचा आवाज आला. वाटी मागितली. तीच. जाड, फिकी, पिठूळ. जिभेनं लगेच ओळखली. मी तळातलं थोडं बोटावर घेऊन अंगठ्यानं चोळलं. पीठ असतं तर चिकटलं असतं, गोळी झाली असती. ही रवाळ होती, आणि चोळल्यावर बोटाला तेल सुटलं. खोबरं. दीड किलो भाजून वाटलेलं खोबरं चार तास हळूहळू खाली बसत होतं, आणि महागाईमुळं त्यांनी काढून टाकलं असं ज्याबद्दल मी लिहिलं होतं, ते सगळंच्या सगळं माझ्या वाटीत आलं होतं.

चव मी बरोबर लिहिली होती. तिचं कारण माझ्या जिभेनं मला सांगितलं नव्हतं, ते मी घरी बसून लावलं होतं.

तरी माझी तक्रार शिल्लक होतीच, आणि ती मी बोललो. म्हटलं, मावशी, पीठ नाही हे कबूल, पण साठ रुपये सातलाही आणि साडेअकरालाही. सकाळचा माणूस तेल खातो आणि शेवटचा गाळ खातो. तासातासाला ढवळा, नाहीतर तवंग वेगळा काढून ठेवा. बरेच जण ठेवतात.

“सकाळची समदी रोजची हायेत,” त्या म्हणाल्या. “साडेअकराला येतोय त्यो वाट चुकल्याला.”

यावर मला हसू आलं आणि त्यांनाही. पहाटेपासून पहिल्यांदाच.

खुलासा पुढच्या रविवारी छापला. उपसंपादकाचं म्हणणं होतं की खाण्याच्या सदरात खुलासे देत बसलो तर दर आठवड्याला तेच छापावं लागेल. बऱ्याच वादावादीनंतर चार ओळी मिळाल्या, सदराच्या तळाला: कटात पीठ नव्हतं, ते खोबरं होतं, चूक माझी, आणि मिसळ खायची तर नऊच्या आत जावं. आयोडीनचा प्रकार चार ओळींत बसला नाही.

पण तो मंगळवार साडेअकराला संपला नाही. मी पैसे देत होतो, मावशी घेत नव्हत्या, चार वाट्यांचे पैसे अशी आमची ओढाताण चालू होती, तेवढ्यात एक हमाल आला. पन्नाशीचा, डोक्यावर रिकामं पोतं पावसासाठी घडी करून घेतलेलं. त्यानं प्लेटकडे बघितलंसुद्धा नाही.

“हाय काय खालचं?”

“हाय की. ठेवलंय.”

मावशींनी पातेलं तिरकं केलं आणि तळ खरवडून खरवडून एक मोठी वाटी भरली. मटकी नाही, शेव नाही, कांदासुद्धा नाही. त्यानं चार स्लाइस मागितल्या, एकेक दुमडून त्या जाड कटात दाबली आणि सावकाश, मान खाली घालून खात राहिला. खोबऱ्याचा तो गाळ ब्रेडवर लोण्यासारखा बसत होता. त्याचे तीस रुपये त्या कधीपासून घेतात ते मी विचारलं नाही. बाजारातला माल उतरवून झाला की तो रोज याच वेळेला येतो, एवढं पुतण्या हळूच म्हणाला.

मी मावशींकडे बघितलं. वाट चुकल्याला म्हणून आत्ताच सांगितलं होतं ना?

त्या पातेलं विसळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “त्या दिशी तुमी वाटी मागितली न्हवं, वेगळी? तवा ह्येला उपाशी धाडला मी.”

हमालानं ब्रेड तोंडात असतानाच मान वर केली आणि माझ्याकडे नीट बघून घेतलं.