पावसाआधी कुठली शेळी काढायची नि कुठली ठेवायची – माझा अनुभव

आमचं घर वेंगुर्ल्याच्या बाजूला, मागे लागूनच कातळाचा सडा, त्यामुळे चराईला उन्हाळ्यात अडचण येत नाही. अडचण येते ती मृगानंतर. यंदा मे महिन्यात माझ्याकडे २३ माद्या झाल्या होत्या आणि शेड आहे १८० चौरस फुटांची. एका मोठ्या शेळीला छपराखाली १०-१२ चौरस फूट तरी लागतात, त्यात आपल्याकडचा पाऊस म्हणजे चार-चार दिवस शेळी बाहेर पाय टाकत नाही, सगळा पाला आपणच तोडून आणायचा. एकीला दिवसाला साडेतीन किलो ओला चारा धरला तरी ८० किलो होतो, फणस, शेवरी, सुबाभूळ काय मिळेल ते, आणि हे भर पावसात रोज. म्हणजे १५ ठेवायच्या, ८ काढायच्या. बोकडांचं ठरलेलं असतं, ते बकरीदला जातात. मादीचं तसं नाही, एक चुकीची मादी गेली की तिच्यामागची पुढची सगळी करडं गेली.

तीन वर्षांपूर्वी मी हीच चूक केली होती. व्यापारी आला, मी बारीक दिसणाऱ्या बाजूला काढल्या, अंगाने भरलेल्या ठेवल्या आणि मनात खूश. पुढच्या सीझनला करडं एकदम कमी, आणि त्या भरलेल्यांपैकी तिघी गाभणच राहिल्या नाहीत. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की त्या भरलेल्या होत्या कारण त्यांनी कोणाला पाजलंच नव्हतं, आणि ज्या मी विकल्या त्यांनी अंगातलं सगळं पिल्लांना दिलं होतं.

तेव्हापासून वही ठेवली. कधी व्यायली, किती दिली, तीन महिन्यांपर्यंत किती जगली, बोकड कुठल्या तारखेला लावला, बस एवढंच. यंदा आधी वही बघितली आणि मग एकेकीला धरून हात लावून बघितली. पाठीच्या कण्यावर बोटं फिरवायची, मणके टोचतात का ते कळतं. खालची पापणी ओढून बघायची, आत लालसर गुलाबी असली तर ठीक, पांढरट पडली असेल तर बहुतेक पोटात जंत आहेत, अशी शेळी लगेच काढायला जाऊ नका, औषध देऊन दोन-तीन आठवडे बघा (आणि औषध दिल्यावर लगेच कापायला देऊ नये, किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांना विचारा). मग दात, खूर, आणि कास तर दोन्ही हातांनी दाबून बघायची. एकीची कास बाहेरून चांगली दिसत होती पण डावा भाग आत दगडासारखा, तिची जुळी एकाच सडावर भांडायची हे तेव्हा कळलं.

सगळ्यात त्रास झाला चांदणीचा. कोकण कन्याळ जातीची शेळी कशी असावी तर अशी, काळंभोर अंग, नाकपुडीपासून कानापर्यंत दोन्हीकडे पांढरे पट्टे, कानाची कड पांढरी, घरी येणारा प्रत्येक माणूस तिचाच भाव विचारायचा. पण वहीत दोन वर्षं तिच्यापुढे काहीच नाही. आणि भोरी, जिला मी नजरेने बघून नक्की विकली असती, तिच्यापुढे तीन वेतांत सहा करडं, सहाही जगलेली. मे महिन्यात तिची हाडं मोजता येत होती. चांदणी गेली, भोरी राहिली.

मोठी नावाच्या म्हाताऱ्या शेळीवरून आयेशी वाद झाला. पुढचे आठही दात झिजलेले, त्यातले दोन तुटलेले, आता वेत झेपणार नाही, हिशेबाने ती पहिली जायला पाहिजे होती. आये म्हणाली, "तिका इकू नको रे, ती नसली तर बाकीच्यो घराक कश्यो येतल्यो?" आणि ते खरं आहे, सड्यावर आभाळ आलं की मोठी वळते आणि सगळा कळप तिच्यामागून घरी येतो. पंधरातली एक जागा तिला दिली, बोकड लावायचा नाही या बोलीवर.

चांदणी, ती दगडी कासवाली, पावसात दरवर्षी खुराने लंगडणाऱ्या दोघी, दोन्ही वेळा करडाला लाथाडून जवळ न घेणारी, दात गेलेली अजून एक, अशा सहा व्यापाऱ्याला दिल्या. देण्याआधी प्रत्येकीची तारीख परत बघितली. लंगडणाऱ्यांपैकी एकीच्या जागी आधी मी जिचं नाव लिहिलं होतं ती बोकड लावल्यावर २१ दिवसांनी परत माजावर आलीच नव्हती, म्हणजे गाभण असणार, तिला थांबवली. गाभण शेळी कापायला जाणं मला सहनच होत नाही. काढायच्या आठातल्या राहिलेल्या दोघी चांगल्या पाटी (अजून न व्यालेल्या तरुण शेळ्या) होत्या, पण माझ्याच बोकडाच्या मुली, त्याच्याखाली ठेवून उपयोग नव्हता, त्या शेजारच्या गावात पाळायला दिल्या.

आता जुलै चालू आहे. पाला पुरतोय, शेडमध्ये बसायला सगळ्यांना कोरडी जागा आहे, मोठी दाराशीच बसते. भोरीला रोज पावशेर मका भरडून देतोय, पाठीवर हात फिरवला की मणके आता टोचत नाहीत. गणपतीच्या आसपास तिला बोकड दाखवायचा, म्हणजे करडं उघडिपीत येतील.