ग्वादालूपे खोरं: टॅक्सी टाळा, फ्रान्सिस्को सार्को टाळू नका

'ग्वादालूपे खोऱ्यात वाइनऱ्या आणि महागडी हॉटेलं, बाकी काही नाही,' असं सीमेपलीकडच्या, अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या ओळखीच्या मंडळींनी ठामपणे सांगितलं होतं. हे साफ चूक आहे. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया राज्यात एन्सेनाडा शहरापासून साधारण ३० किलोमीटरवरचं, याच खोऱ्यातलं फ्रान्सिस्को सार्को हे गाव मुद्दाम जाऊन बघावं. वाइनऱ्या उरल्या वेळात.

आधी पैशांचं बोलतो, कारण अजून राग गेलेला नाही. एन्सेनाडात टॅक्सीवाल्याशी पेसोत भाडं ठरलं. पोचल्यावर तो डॉलरमध्ये बोलायला लागला, थांबण्याचे वेगळे, कच्च्या रस्त्याचे वेगळे. शेवटी दुप्पट मोजले. एन्सेनाडा ते तेकाते (अमेरिकेच्या सीमेवरचं शहर) बस इथूनच, ३ नंबरच्या हमरस्त्याने जाते, तिने जा. स्वतःची गाडी नेणार असाल तर मेक्सिकोचा विमा आधी काढा, अमेरिकेतला तिकडे चालत नाही.

आणि तो कच्चा रस्ता! पाय आणि बूट धड आहेत हे धरूनच लिहितोय, तरीही सांगतो, ऑगस्टच्या दुपारी डांबर सोडून आतल्या बागांकडे चालत जाऊ नका. सावलीला झाड नाही, धूळ पिठासारखी बारीक, आणि प्रत्येक गाडी ती तोंडावर उडवून जाते. नकाशावर अंतर किरकोळ दिसतं. माझा घसा रात्रीपर्यंत धरला होता. त्यात ऑगस्ट म्हणजे द्राक्ष तोडणीच्या उत्सवाचा महिना, शनिवार-रविवारी तर जाऊच नका.

आता गावाबद्दल. १८३४ मध्ये फेलिक्स काबायेरो या डोमिनिकन पाद्र्याने इथे मिशन, म्हणजे धर्मप्रसाराचं ठाणं उभारलं, अमेरिकेतला आणि मेक्सिकोतला अशा दोन्ही कॅलिफोर्नियांतलं शेवटचं. आपल्या माणसांचा जबरदस्तीने बाप्तिस्मा होतोय म्हणून इथल्या मूळच्या कुमियाई जमातीचा प्रमुख हात्न्यील चालून आला आणि १८४० मध्ये मिशन ओस पडलं. कुमियाई वस्त्या आजही जवळपास आहेत. मिशनचे अवशेष मात्र नाममात्र, तिथे वेळ घालवू नका.

खरी गोष्ट पुढची. १९०५ च्या सुमारास कॉकेशसकडून रशियन मोलोकान आले, एका ख्रिस्ती पंथाची शंभरेक कुटुंबं. युद्ध पाप मानणारे, झारच्या सैन्यभरतीला नकार देऊन निघालेले. डुक्कर खायचे नाहीत, दारूला शिवायचे नाहीत. त्यांनी हजारो एकर जमीन विकत घेतली, मातीच्या विटांची घरं बांधली, गहू पिकवून एन्सेनाडात विकला. द्राक्षं नंतर आली. १९५८ मध्ये जमीन मागणारे मेक्सिकन शेतकरी मोठ्या संख्येने इथे येऊन बसले, त्यातून आजचं फ्रान्सिस्को सार्को उभं राहिलं आणि बहुतेक मोलोकान अमेरिकेत निघून गेले. मला यात कुणा एकाची बाजू घेता येत नाही. भूमिहीनांची मागणी खरी होती, आणि दोन पिढ्या राबून उभं केलेलं गाव सोडणाऱ्यांचं दुःखही खरं होतं.

हे सगळं गावातल्या छोट्या संग्रहालयात सामोवार (चहासाठी पाणी उकळायचं रशियन भांडं), शेतीची अवजारं आणि जुने फोटो यांतून समोर येतं. जवळच रशियन कब्रस्तान आहे, दगडांवर रशियन लिपी. दोन्ही बघाच. मेक्सिकोत बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात.

नाशिककडच्या माणसाने इथल्या शेतकऱ्याला पाण्याचं जरूर विचारावं. मेक्सिकोच्या वाइनचा मोठा वाटा याच खोऱ्यातून येतो, पाऊस तुटपुंजा, भूजल खारट होत चाललंय, आणि त्याच भूजलावर एन्सेनाडा शहरही तहान भागवतं. इतकी हॉटेलं इथे व्हायलाच नको होती, हे माझं स्पष्ट मत.

अमेरिकेत परतायला तेकातेचं सीमेवरचं नाकं तिहुआनाच्या नाक्यापेक्षा लहान आणि निवांत, पण रात्री बंद होतं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. मेक्सिकोत शिरताना प्रवेशाची नोंद मात्र नाक्यावर मागून करून घ्या. एच-वन, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावाल्यांनी व्हिसाची तारीख निघण्याआधीच तपासा.