हाड आपल्या वेळाने भरतं

मंगळवार

अनवाणी धावायला लागल्यावर डाव्या पावलातल्या एका हाडाला बारीक तडा गेला होता. त्यासाठी घातलेला वॉकिंग बूट, म्हणजे पाऊल हलू न देणारा कडक बूट, आज पायातून निघाला. डॉक्टरांनी पाऊल हातात घेतलं आणि दुसऱ्या बोटाच्या मागचं हाड अंगठ्याने दाबत दाबत घोट्याच्या दिशेने नेलं. जिथे दुखायचं ती जागा मला डोळे मिटूनही दाखवता येते, म्हणून अंगठा जवळ आला तसा श्वास आपोआप थांबला. अंगठा तिथून पुढे गेला. थोडं अवघडल्यासारखं वाटलं, पण ती टोचणारी, नेमकी कळ नव्हती. किती बरं वाटलं!

दुखणं सुरू झालं तेव्हाही या नेमकेपणामुळेच ते वेगळं वाटलं होतं. बूट सोडून अनवाणी धावायला लागलं की पोटऱ्या भरून येतात, अकिलिसपाशी, म्हणजे टाचेमागच्या जाड शिरेपाशी, सकाळी ताठरपणा असतो. टाच आधी टेकणारा पाय आता चवड्यावर उतरतो, त्यामुळे पोटरीचं काम वाढतं. ते दुखणं दोन्ही पायांत साधारण सारखं असतं आणि चार पावलं चाललं की सैल होतं. हे मात्र फक्त डाव्या पायात होतं, पावलाच्या वरच्या बाजूला, एका बोटाखाली झाकलं जाईल एवढंच. आधी धावताना दुखायचं, मग जिना उतरताना, शेवटी झोपेत कूस बदलताना पांघरूण लागलं तरी.

एक्स-रे स्वच्छ आला होता. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण स्वच्छ एक्स-रे बघून पुन्हा धावायला लागणारे खूप जण असतात. अशा बारीक तड्याच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर बऱ्याचदा काहीच दिसत नाही. हाड भरायला लागून तिथे नवं हाड साचलं की मग दिसतं. माझं निदान एमआरआयवर झालं. हाडाच्या आत सूज आणि त्यात एक बारीक रेघ. दुसऱ्या मेटाटार्सलचं, म्हणजे दुसऱ्या बोटामागच्या लांब हाडाचं, स्ट्रेस फ्रॅक्चर: पुन्हा पुन्हा पडणाऱ्या ताणाने गेलेला तडा.

पावलात 26 हाडं असतात, मग हेच का, हा प्रश्न मी डॉक्टरांना पहिल्या भेटीतच विचारला होता. पाच मेटाटार्सलमध्ये दुसरं सहसा सगळ्यांत लांब असतं आणि मागच्या टोकाला शेजारच्या हाडांमध्ये घट्ट अडकलेलं असतं. बाकीची थोडी हलून ताण वाटून घेतात, याला तेवढी मोकळीक नाही. त्यात बोटं जमिनीवर दाबून धरणारे स्नायू थकले, की त्यांच्या वाट्याचा ताणही हाडावरच येतो. वर्षानुवर्षं जाड तळव्याच्या बुटात राहिलेल्या पायाचे हे स्नायू लवकर थकतात.

मला सगळ्यात जास्त पटलं ते हाडाच्या दुरुस्तीचं गणित. नवा ताण पडला की हाड स्वतःला मजबूत करायला घेतं, पण भिंत दुरुस्त करताना आधी खराब विटा काढाव्या लागतात, तसंच इथेही होतं. एका प्रकारच्या पेशी जुनं हाड पोखरून काढतात, दुसऱ्या प्रकारच्या तिथे नवं भरतात. काढण्याचं काम काही आठवड्यांत होतं, भरायला महिने लागतात. मधल्या काळात हाड आधीपेक्षा कच्चं असतं, आणि नेमक्या त्याच काळात तळव्याची कातडी जाड झालेली असते, दम टिकायला लागलेला असतो, पोटऱ्या दुखायच्या थांबलेल्या असतात. अंग सगळीकडून ‘चल’ म्हणत असतं. हाडाचं काम अर्ध्यावर असतं आणि ते बोलत नाही. बोलतं तेव्हा त्या एका बिंदूतूनच.

2013 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. नेहमी धावणाऱ्यांपैकी काही जणांना दहा आठवड्यांत हळूहळू पातळ तळव्याच्या, पाच बोटांच्या बुटांकडे वळवलं आणि आधी-नंतर पावलांचे एमआरआय काढले. वळलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या पावलांत हाडाच्या आतली सूज वाढलेली दिसली. नेहमीचे बूट घालणाऱ्यांत ती क्वचितच होती. अनवाणी धावणं वाईट, असा याचा अर्थ मी लावत नाही. दहा आठवडे कमी पडतात, एवढा नक्की लावते.

1960 मध्ये रोमला इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावून ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला, हे अनवाणी धावणारा प्रत्येक जण सांगतो. तो सरावही अनवाणी करायचा, हे सांगायचं राहून जातं. चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला बूट घालून पुन्हा जिंकला, तेही अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेला जेमतेम काही आठवडे झालेले असताना. बूट की अनवाणी या भांडणात मला म्हणूनच रस नाही. पाय कशासाठी तयार झालाय, एवढंच मी विचारते.

गुरुवार

व्यायाम. खुर्चीत बसून पाऊल जमिनीवर सपाट, बोटं न मुडपता चवडा टाचेकडे ओढायचा, म्हणजे कमान उचलली जाते. बघणाऱ्याला काहीच हललेलं दिसत नाही, पण आतल्या कडेला अंगठ्याच्या मागचा स्नायू दोरीसारखा ताठ होतो, हात लावला की कळतं. नंतर अंगठा एकटा वर, चार बोटं खाली, मग उलट. उजव्या पायाला जमतं. डाव्या पायाचं दुसरं बोट थरथरतं आणि अंगठ्याबरोबर उठू बघतं. ते हाताने धरून ठेवते.

डॉक्टरांनी जेवण, झोप, ड जीवनसत्त्व आणि पाळी यांची सविस्तर चौकशी केली होती. धावणाऱ्या बायकांनी हे गांभीर्याने घ्यायला हवं. धावण्यात खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने खाणं कमी पडलं की पाळी अनियमित होते आणि हाडही कमकुवत होतं; मग पायात काय घातलंय हा प्रश्न दुय्यम ठरतो.

रविवार

घरातल्या गुळगुळीत फरशीवर अनवाणी चालले. मऊ गवतावर किंवा वाळूत सुरुवात करावी असं बरेच जण सुचवतात, मला ते पटत नाही. मऊ जमीन जोरात आपटलेलं पाऊलही खपवून घेते. कडक, सपाट जागेवर पाऊल जड पडलं की लगेच ऐकू येतं. आज डावं पाऊल उजव्यापेक्षा जास्त वाजत होतं. लक्ष देऊन चालल्यावर कळलं, मी अंगठ्यावर भारच देत नव्हते, बाहेरच्या कडेवरून चालत होते. दुखऱ्या हाडाला वाचवायची सवय अजून गेलेली नाही. अंगठा टेकवून चालायला लागल्यावर आवाज कमी झाला, आणि फरशीचा गारवा, सांध्यांच्या रेघा, सगळं पुन्हा तळव्याला जाणवायला लागलं. मला अनवाणी धावायचंय ते याचसाठी.

आता पुढचं ठरलंय. आधी अर्धा तास न दुखता भरभर चालणं. मग डाव्या पायावर लंगडी घालून पाहायची. त्या जागी कळ आली तर धावणं पुढे ढकलायचं. नाही आली तर बूट घालून एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं, एक दिवसाआड. अनवाणी धावणं सगळ्यात शेवटी, काही मिनिटांचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठ्याने ते हाड दाबून पाहिल्याशिवाय एक मिनिटही वाढवायचं नाही.