शेवटची एकटी उरते तेव्हा: माझी व्हॅलोरंट नोंदवही

व्हॅलोरंट म्हणजे पाच विरुद्ध पाच असा ऑनलाइन बंदुकांचा गेम: एक बाजू स्पाइक नावाचा बॉम्ब लावते, दुसरी तो निकामी करते. मागची नोंद मी खेळते त्या किलजॉय या पात्राच्या सेटअपची होती. या वेळी एम (नेम), लाइनअप वगैरे काही नाही. ही नोंद रँक्डमध्ये, म्हणजे रँक ठरवणाऱ्या मॅचमध्ये, हात गार पडतात, त्याबद्दलची आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हा त्रास आहे आणि आपण त्यावर फारसं बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मे-जून

आधी भीती नेमकी कुठे येते ते शोधलं. डेथमॅचमध्ये सगळे एकमेकांवर तुटून पडतात, क्षणाक्षणाला मरायचं, मला काही वाटत नाही. रँक न मोजणारी अनरेटेड मॅच हरले तरी निवांत जेवते. रँक्डच्या पहिल्या राउंडलाही हात ठीक असतात. थरथर सुरू होते ती चार सोबती पडल्यावर. मेलेला खेळाडू जिवंत खेळाडूच्या नजरेतून गेम बघतो. माझा क्रॉसहेअर (नेमाची खूण) कुठे आहे, मी कोणत्या कोपऱ्यावर अडकले आहे, सगळं त्या चौघांना दिसतं. सेंटिनेल, म्हणजे किलजॉयसारखं जागा राखणारं पात्र, खेळणाऱ्यावर ही वेळ जास्त येते. आपण बी साइट (स्पाइक लावायची एक जागा) धरून बसतो, चौघं ए वर पडतात, आणि उरतो आपण.

स्पाइक लागल्यापासून स्फोटाला ४५ सेकंद. निकामी करायला ७ लागतात, निम्मं झालं की तेवढं काम जमा राहतं. बीप हळूहळू जवळजवळ यायला लागते आणि छातीतले ठोके तिच्याशी शर्यत लावतात.

अशा एकटीने लढायच्या वेळांचं, म्हणजे क्लचचं, रेकॉर्डिंग करून ठेवलं आणि सलग बघितलं. तीन गोष्टी परत परत दिसल्या. वँडल या बंदुकीत २५ पैकी वीसच्या वर गोळ्या शिल्लक असतानाही रीलोड. समोर कोणी आलं की खाली बसून फवारा. आणि मिनीमॅपकडे नजर जातच नाही. सरावाच्या रेंजमध्ये एकटी असताना यातलं एकही होत नाही. म्हणजे एम ट्रेनर कितीही घासला तरी यावर उपाय होणार नव्हता, आणि हे कळणं हीच मे-जूनची कमाई.

जुलै

रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये एक विचार मांडला: कुणी बघत असलं की अंगवळणी पडलेलं काम आणखी चांगलं होतं, आणि नवं किंवा गुंतागुंतीचं काम बिघडतं. १९६९ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी हे झुरळांवर करून पाहिलं. बघायला दुसरी झुरळं ठेवली. सरळ मार्गावर पळणारं झुरळ प्रेक्षकांसमोर जोरात पळालं, वळणाच्या मार्गावरचं रेंगाळलं. हे वाचलं आणि मला माझा क्लच समजला. एम माझा सरळ मार्ग आहे. एकटं उरल्यावर काय ठरवायचं, हे वळण आहे. प्रेक्षक हटवता येत नाहीत, पण वळण सरळ करता येईल का?

माझी एक मैत्रीण कॉलेजात पुरुषोत्तम करंडकाला उभी राहिली होती. भरत नाट्य मंदिरात ‘अरे आवाज कुणाचा’च्या आरोळ्या चालू असतात, आणि पडदा उघडला की समोर सगळे जाणकार. तिला विचारलं, तेव्हा म्हणाली, “अगं, भीती जात नाही. पहिली एंट्री आणि पहिलं वाक्य इतकं घोटायचं की पाय आपोआप जागेवर पडतात. ते एकदा सुटलं की पुढे नाटक आपल्याला ओढून नेतं.”

म्हणून क्लचचं ‘पहिलं वाक्य’ ठरवलं. चौथा सोबती पडला की माइक बंद असताना मोठ्याने म्हणायचं: वेळ, स्पाइक, शेवटचा कुठे, हातात काय. किती सेकंद उरले. स्पाइक लागला की अजून कुणाच्या पाठीवर. शत्रू शेवटचा कुठे दिसला. किलजॉयची साधनं, म्हणजे माझं टरेट, अलार्मबॉट, नॅनोस्वॉर्म, यांतलं काय शिल्लक. तोवर शिफ्ट दाबून चालत राहायचं, पावलं वाजू द्यायची नाहीत. तोंड ‘वेळ’ म्हणतं तेव्हा डोळे घड्याळाकडे जातातच, आणि रीलोडकडे जाणाऱ्या बोटाला दुसरं काम मिळतं.

यातून एक अवघड गोष्ट सुटली: बंदूक पुढच्या राउंडसाठी वाचवणं. वेळ उरलेली नसेल तर २९०० क्रेडिटची वँडल घेऊन बाजूला होणं हाच पुष्कळदा शहाणा निर्णय असतो. पण चौघं बघत असताना माघार घ्यायला भिडण्यापेक्षा जास्त धीर लागतो. आता तो निर्णय मला घ्यावा लागत नाही, ‘वेळ’ हा पहिला शब्दच तो घेतो.

ऑगस्ट ते गणपती

घोटायचं कुठे? आधी कस्टम मॅचमध्ये भावासोबत एकास एक, स्पाइक लावलेला. मग स्विफ्टप्ले ही छोटी मॅच, कारण एका बाजूने पाच राउंड जिंकले की निकाल लागतो आणि रँकला धक्का नाही. त्यानंतर कर्वे रस्त्याजवळच्या एका गेमिंग कॅफेत. तिथे खुर्च्यांच्या मागे आपला नंबर येण्याची वाट बघणारी पोरं उभी असतात, आणि बघता बघता सल्ले देतात. “ताई, मार्केट बघा, मार्केट!” असेंट मॅपवर खेळताना मागून आवाज आला; मार्केट ही त्या मॅपवरची एक जागा. माझ्या क्रमानुसार शेवटचा शत्रू ए मेन या ए साइटकडच्या वाटेत दिसला होता. मी ए कडेच तोंड ठेवलं आणि तो तिकडूनच आला. तो राउंड मला अजून फ्रेमनिशी आठवतो, कारण पहिल्यांदाच बघणाऱ्यांपेक्षा क्रमाचा आवाज मोठा होता.

गणपतीच्या आधी संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की आमच्याकडे हेडफोनमध्येही पावलं नीट ऐकू येत नाहीत. ते दिवस मी रँक्डला हातच लावला नाही. ऐकू येत नसताना रँक्ड खेळून भीतीला नवं खाद्य कशाला द्यायचं!

व्हॉइस चॅटबद्दल मुलींसाठी लिहायलाच हवं. मुंबई सर्व्हरवर मी तोंड उघडलं की “लडकी है क्या” येतंच. मग पुढचा प्रत्येक राउंड मी मुलींच्या वतीने खेळतेय असं ओझं येतं. मी आता एकदाच कॉलआउट देते, म्हणजे शत्रू कुठे आहेत ते सांगते: “एक हेवन, एक मेन.” उलट फालतू उत्तर आलं की त्या एका खेळाडूला स्कोअरबोर्डवरून म्यूट आणि पुढचा राउंड. बाकीच्यांचा आवाज चालू. सगळ्यांना म्यूट करून पाहिलं होतं, पण माहिती तुटते आणि मग एकटं पडल्यावर ‘शेवटचा कुठे’चं उत्तरच मिळत नाही.

श्वासाचं थोडक्यात: राउंडआधी बंदुका विकत घ्यायच्या, म्हणजे बाय फेजच्या, ३० सेकंदांत सेटअप लावून झाला की श्वास आत घ्यायला लागतो त्यापेक्षा सावकाश बाहेर सोडायचा. ठोके उतरतात. मात्र क्लचमध्ये ठोके उतरवायला वेळच नसतो. तिथे अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांचं २०१४ चं संशोधन कामी आलं. धडधड होत असताना ‘शांत हो’ऐवजी ‘मी उत्साहात आहे’ म्हणणाऱ्यांची कामगिरी सुधारली. त्यातला एक प्रयोग कराओके गेमवर होता आणि गुण गेमनेच दिले होते, म्हणून मला तो जास्तच आपला वाटतो.

सध्या

सिल्व्हर ३ वरून गोल्ड २. पण मी रँक आता आठवड्याच्या शेवटीच बघते. रोज लिहिते ती वेगळी गोष्ट: एकटी उरले तेव्हा क्रम पूर्ण म्हटला का? हो किंवा नाही. जिंकले की हरले ते त्या रकान्यात येत नाही. ‘हो’ वाढत चाललेत. हात अजून गार पडतात, पण रीलोडची सवय जवळजवळ गेली आहे आणि मॅच संपल्यावर लगेच झोप लागते, जे मे महिन्यात होत नव्हतं.

अडलंय ते अटॅकवर. स्पाइक आपण लावलेला असताना एकटं उरलं की ‘वेळ’चा अर्थ उलटा होतो, घड्याळ आपल्या बाजूने असतं, आणि माझा क्रम तिथे गडबडतो. दुसरं म्हणजे लोटस, हेवन (Haven) यांच्यासारखे तीन साइटचे मॅप: ‘शेवटचा कुठे’ला तिथे फार सेकंद जातात. सायफर हे पात्र खेळणाऱ्यांकडे ट्रिपवायरमुळे याचं चांगलं उत्तर असणार. तुमचा क्रम काय आहे ते शब्दांसकट लिहा. पुढचे काही आठवडे मी तोच मोठ्याने म्हणून बघणार आहे.